पेट सीटी स्कॅनमधलं रेडिएशन कमी कसं ठेवायचं : खान्देशातल्या पेशंट आणि सोबत जाणाऱ्यांसाठी

गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "भो, त्या पेट स्कॅनमा रेडिएशन किती ऱ्हास?" आणि लगेच दुसरा, "मग नाही केला तर चालंन का?" मी पेट सीटीच्या मशीनवर टेक्निशियन आहे, मूळचा अमळनेरकडचा, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे लोक नाशिकला, संभाजीनगरला नाहीतर मुंबईला स्कॅनला निघाले की फोन मला. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हिशोब समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेट सीटीमध्ये रेडिएशन दोन ठिकाणांहून येतं. एक म्हणजे इंजेक्शन. त्यात एफडीजी असतं, म्हणजे साखरेसारखाच रेणू पण त्याला रेडिएशन सोडणारं फ्लोरिन-१८ चिकटवलेलं, कॅन्सरच्या गाठीला साखर जास्त लागते म्हणून ते तिथे जाऊन जमा होतं आणि मशीनला दिसतं. दुसरं म्हणजे सीटी, तो सरळ एक्स-रे. इंजेक्शनचा हिशोब सोपा आहे, १० मिलिक्युरी (हे औषधाचं माप) दिलं तर साधारण ७ मिलिसिव्हर्ट (हे शरीराला बसणाऱ्या रेडिएशनचं माप). सीटीचं मात्र सेंटरप्रमाणे बदलतं, नुसता लो डोस सीटी असेल तर ३-४ मध्ये भागतं आणि कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे फोटो उठून दिसायचं औषध शिरेतून देऊन केलेला, पूर्ण सीटी असेल तर एकट्या सीटीचेच १५ च्या आसपास किंवा वर जातात. तुलनेला सांगतो, जमिनीतून, हवेतून, आकाशातून जे आपोआप मिळतं ते जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट. म्हणजे पेट सीटी काही किरकोळ नाही, पण लोक घाबरतात तेवढंही नाही, आणि ज्याला कॅन्सरची ट्रीटमेंट ठरवायचीय त्याच्यासाठी तर स्कॅन न करण्याचा तोटा कितीतरी मोठा. रेडिएशनच्या भीतीने लागणारा स्कॅन टाळला, याला डोस कमी करणं म्हणत नाहीत.

आता माझं मत सांगतो, बाकीचे टेक्निशियन कदाचित मशीनच्या सेटिंगपासून सुरू करतील. सगळ्यात जास्त डोस वाचतो तो स्कॅन परत करावा लागला नाही तर. सेटिंग बदलून आम्ही २ मिलिसिव्हर्ट वाचवतो, तेही धडपड करून, आणि पेशंट सकाळी पोहे खाऊन आला, स्कॅन खराब निघाला, आठ दिवसांनी परत करावा लागला की एका झटक्यात १०-१२ वाढतात, वर पैसे आणि परत जायचा-यायचा खर्च वेगळा. म्हणून हे सगळं घरापासून सुरू होतं.

स्कॅन लिहून दिला की डॉक्टरांना न लाजता विचारा, याच्या रिपोर्टने ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार? चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. लिम्फोमामध्ये, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, केमोच्या दोन सायकलनंतरचा मधला स्कॅन खूप कामाचा असतो, त्यावरून पुढची औषधं ठरतात. पण पेशंट पूर्ण बरा झालाय, त्रास काही नाही, तरी "एकदा बघून घेऊ" म्हणून दर सहा महिन्यांनी पेट करत राहणं, याची शिफारस लिम्फोमाच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येसुद्धा नाही. आणि कधीकधी हा आग्रह नातेवाईकांचाच असतो बरं का, डॉक्टर नको म्हणतात तरी हे म्हणतात करूनच टाका साहेब, मनाला शांती.

तारीखही महत्त्वाची. केमो संपल्या-संपल्या घाईने स्कॅन केला तर सूज आणि औषधाचा परिणाम यात खरं काय ते कळत नाही. शेवटच्या केमोनंतर कमीत कमी ३ आठवडे, जमलं तर ६ ते ८ आठवडे, आणि शेक म्हणजे रेडिएशन थेरपी झाली असेल तर ३ महिने थांबतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगा, त्याने हाडांमधला मगज सगळा चमकतो आणि रिपोर्टवाला गोंधळतो. घाईत केलेला स्कॅन म्हणजे बऱ्याचदा परत करायचा स्कॅन. अर्थात डॉक्टरांनी मुद्दाम लवकर सांगितला असेल तर त्यांचं ऐका, माझं नको.

जुने कागद. ही गोष्ट एवढी साधी आहे तरी निम्मे लोक करत नाहीत. आधी सीटी झाला असेल तर त्याची सीडी आणा, नुसती फिल्म नको आणि मोबाईलमध्ये काढलेला रिपोर्टचा फोटो तर अजिबात नको. दहा दिवसांपूर्वीच गावात चांगला कॉन्ट्रास्ट सीटी झाला असेल आणि आमच्या डॉक्टरांना तो कॉम्प्युटरवर बघता आला तर आम्ही पेटसोबत फक्त लो डोस सीटी घेतो, तिथेच १० मिलिसिव्हर्ट वाचू शकतात. सीडी नसेल तर काय, परत पूर्ण. पिशवीत जागा नाही म्हणून सीडी घरी ठेवून फिल्मांचा गठ्ठा आणणारे मी खूप बघितलेत.

आता आदला दिवस. दुपारनंतर जड काम नको, म्हणजे शेतात पाणी भरायला जाणं, कापसाची गाठोडी उचलणं, सायकल दामटणं सगळं बंद. स्नायू थकले की ते साखर ओढतात, मग एफडीजी गाठीत जायचं सोडून मांड्या-खांद्यात जाऊन बसतं. रात्री हलकं जेवण, भरीत-भाकरी खाल्ली तर भाकरी अर्धी आणि भरीत जास्त, पुरणपोळी आणि गोडधोड दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा. मग स्कॅनआधी ६ तास पोटात काही नाही, फक्त साधं पाणी. पाणी चालतं म्हणजे चालतंच, उलट प्यायलाच पाहिजे.

"काहीच नाही" म्हणजे काय ते मात्र आपल्याकडे फोड करून सांगावं लागतं. एक आबा आले होते, इंजेक्शनच्या आधी मी विचारतोच, सकाळपासून काय काय घेतलं? म्हणे, "काहीच खाधं नही भो, नुसता च्या पिधा." किती? "दोनदा." साखरेचा? "मंग, बिनसाखरना च्या कोन पेस!" बोटाला सुई टोचली तर शुगर २४० च्या वर. त्यांना डायबेटीस असल्याचं घरच्यांनाही माहीत नव्हतं. इंजेक्शन दिलं नाही, तारीख बदलली, सोबतचा मुलगा वैतागला, पण दिलं असतं तर रेडिएशन गेलं असतं आणि फोटोत धड काही दिसलं नसतं. तर चहा नाही, दूध नाही, गुळाचं पाणी नाही, लिंबू-सरबत नाही, खोकल्याची गोळी चघळायची नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री हेही नको, चघळल्याने जबड्याचे स्नायू चमकतात आणि तोंडाचा कॅन्सर बघायला आलेल्या माणसाच्या बाबतीत तर तीच जागा महत्त्वाची असते.

अजून एक, हे आपल्याकडे जास्त होतं. पेशंटला अशक्तपणा वाटतो म्हणून आदल्या रात्री किंवा निघायच्या आधी गावच्या डॉक्टरकडे एक सलाईन लावून घेतात. त्या बाटलीत बऱ्याचदा डेक्स्ट्रोज असतं, डेक्स्ट्रोज म्हणजे साखर, मग उपाशी राहण्याचा उपयोग शून्य. लावायचीच वेळ आली तर साधं नॉर्मल सलाईन लावा म्हणून सांगा आणि सेंटरला पोचल्यावर कळवा.

डायबेटीसवाल्यांनी अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगायचं. शुगर २०० च्या आत लागते. वाढली म्हणून गाडीत बसल्या-बसल्या इन्सुलिन टोचून येऊ नका, आकडा खाली येतो पण इन्सुलिन साखरेसोबत एफडीजीलाही स्नायूंमध्ये ढकलतं, लवकर काम करणारं इन्सुलिन घेतल्यावर ४ तास तरी जावे लागतात. मेटफॉर्मिनने आतडी चमकतात म्हणून काही सेंटर ४८ तास आधी बंद करायला लावतात, पण ते तुम्ही स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी सुरू केली त्यांना विचारून.

केळीचं विचारतातच, रावेर-यावलचा माणूस असला की हमखास, कारण कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की केळीत पण रेडिएशन असतं. असतं, खरं आहे. केळीत पोटॅशियम असतं आणि त्यात थोडंसं पोटॅशियम-४०, एका केळीचा हिशोब ०.१ मायक्रोसिव्हर्ट (मायक्रो म्हणजे मिलिचा हजारावा भाग) धरतात. त्या मापाने १० मिलिक्युरीचं एक इंजेक्शन म्हणजे ७०,००० केळी. तेही नुसतं कागदावर, कारण शरीर जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतं, साठवत नाही. तेव्हा केळी बिनधास्त खा, फक्त स्कॅनच्या सकाळी नको, आणि तेही रेडिएशनसाठी नाही तर साखरेसाठी.

वेळेवर पोचा. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, ते सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या मशीनमध्ये बनतं, गाडीने सेंटरला येतं आणि पेशंटच्या नंबराप्रमाणे मोजून ठेवलेलं असतं. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला, आता बरेच झालेत, तरी औषध थांबून राहत नाही हा नियम तोच. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर तुमच्या वाट्याचं निम्म्याहून जास्त उडून गेलेलं असतं, मग एकतर फोटो दाणेदार येतो नाहीतर दुसरी तारीख. पहाटेची गाडी लेट होईल या हिशोबाने आदल्या रात्रीच जाऊन थांबा, हा खर्च वसूल होतो.

सेंटरवर पहिलं काम वजन. आजारात माणूस दहा-पंधरा किलो उतरतो आणि कागदावर दोन महिन्यांपूर्वीचं वजन लिहिलेलं असतं, ते सांगू नका, तिथल्या काट्यावर उभे राहा. इंजेक्शन वजनावर ठरायला पाहिजे. किलोला ०.१ मिलिक्युरी धरलं तर ४५ किलोच्या मावशींना ४.५ पुरतं, आणि सरसकट सगळ्यांना १० देणारं सेंटर असेल तर त्यांना दुपटीपेक्षा जास्त जातं. "माझा डोस वजनावर काढला का?" एवढं विचारायला काही हरकत नाही, पण मशीन जुनं असेल तर थोडा जास्त लागतो, त्यावरून भांडू नका.

शीर चांगली दाखवा, म्हणजे कोणत्या हातात केमो झाली, कुठे शीर लवकर सापडते ते सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर हातातच एक मोठा डाग दिसतो, गाठीतले आकडे चुकतात आणि कधीकधी सगळं दुसऱ्या दिवशी परत. टोचताना जळजळलं, फुगलं तर लगेच बोला, सहन करत बसू नका. आपल्याकडच्या बायका हे फार करतात, हात टम्म फुगला तरी तोंडातून शब्द नाही.

इंजेक्शननंतर तासभर एका खोलीत शांत पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, लघवीला जाण्यापुरतं सोडलं तर चालायचं नाही. बाहेर भुसावळचं ४५ डिग्री ऊन असलं तरी आत एसी कडक असतो, म्हणून शाल घेऊन या. गंमत नाही, थंडी वाजली की मानेतली आणि खांद्यातली तपकिरी चरबी ऊब तयार करायला साखर जाळते आणि फोटोत गाठींसारखी दिसते, मग शंका, मग परत तपासणी. पाणी पीत राहा आणि लघवीला जात राहा. एफडीजीचा सगळ्यात जास्त डोस मूत्राशयाच्या भिंतीला बसतो, लघवी तुंबवून ठेवली तर तिथेच तासभर शेकत राहतं. पेशंटच्या हातात असलेला सगळ्यात सोपा उपाय हाच, फुकटचा. फक्त लघवी कपड्यावर सांडू देऊ नका, एक थेंबसुद्धा फोटोत डाग होऊन दिसतो. सांडली तर सांगा, कपडे बदलून मिळतात.

मशीनवर झोपायच्या आधी मंगळसूत्र, करदोडा, जोडवी, पैंजण, खिशातली नाणी सगळं सोबतच्याकडे. दोन्ही हात डोक्यावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं पडून राहता आलं पाहिजे. हात खाली अंगाजवळ असले की सीटीला जास्त जाडी लागते, मशीन आपोआप करंट वाढवतं आणि डोस वाढतो, शिवाय फोटोत रेघा येतात. खांदा दुखत असेल तर आठवडाभर आधीपासून घरी सवय करा, नाहीच जमलं तर उशी मागा. आणि हलू नका, विशेषतः मान. पेट आणि सीटी एकमेकांवर बसले नाहीत तर तेवढा भाग परत घ्यावा लागतो.

परत झोपवलं म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. पोटाजवळ शंका असली की थोड्या वेळाने तेवढाच भाग पुन्हा घेतात, त्यात नवीन इंजेक्शन नसतं, फक्त लहानसा लो डोस सीटी वाढतो. डोक्यापासून पायापर्यंत घेतला म्हणूनही काही लोक हुज्जत घालतात. नेहमी डोक्याच्या तळापासून अर्ध्या मांडीपर्यंत पुरतं, पण मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर), मायलोमा (हाडांच्या मगजातला कॅन्सर) असं काही असेल तर पूर्ण लागतो, आणि पायात नाजूक अवयव नसल्याने तेवढ्याने एकूण डोसमध्ये फार भर पडत नाही. भर पडते ती छाती-पोटाचा सीटी दोनदा केल्याने.

झाल्यावर डोसचा कागद मागा. बऱ्याच मशीनवर सीटीचं एक पान निघतं, त्यावर डीएलपी नावाचा, सीटीने एकूण किती रेडिएशन दिलं ते सांगणारा आकडा असतो. छाती-पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणलं की साधारण मिलिसिव्हर्ट मिळतात. डीएलपी ३०० असेल तर ४.५, १,००० असेल तर १५. इंजेक्शनचे मिलिक्युरी रिपोर्टवर लिहिलेले असतात, त्याला ०.७ ने गुणा, म्हणजे ८ मिलिक्युरीचे ५.६. दोन्हींची बेरीज वहीत तारखेसोबत लिहून ठेवा. पेशंटला सरकारी अशी काही मर्यादा नसते, आम्हा रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना असते, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने पाच वर्षांच्या सरासरीत वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. पेशंटला गरज असेल तेवढं द्यायचं, पण गरजेपेक्षा जास्त नाही. वही यासाठी की पुढच्या डॉक्टरला दिसलं पाहिजे.

आमच्या लाइनमधले कुणी वाचत असतील तर थोडं तुमच्यासाठी. युरोपियन गाइडलाइनचं सूत्र बेडचा ओव्हरलॅप ३० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ७ गुणिले वजन भागिले प्रतिबेड मिनिटं, उत्तर मेगाबेक्वेरेलमध्ये. ६० किलोला २ मिनिटं दिली तर २१०, म्हणजे ५.७ मिलिक्युरी, आणि ३ मिनिटं दिली तर १४०, म्हणजे ३.८. म्हणजे वेळ दिला की डोस उतरतो, पण गर्दीच्या दिवशी कोण वेळ देतो, खरा अडथळा तिथे आहे. टाइम ऑफ फ्लाइट आणि डिजिटल डिटेक्टर आले असतील आणि प्रोटोकॉल जुन्या मशीनचाच चालू असेल तर तो आधी बदला. सीटीत करंट मॉड्युलेशन चालू आहे ना, इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन वापरता ना, आणि पेशंट टेबलावर बरोबर मधोमध आहे ना हे बघा, वर-खाली सरकलेला पेशंट स्काउटमध्ये लहान-मोठा दिसतो आणि करंट चुकतो. कॅलिफोर्नियात यूसी डेव्हिसच्या लोकांनी १९४ सेंटीमीटर लांबीचं पूर्ण शरीर एकदम घेणारं मशीन आणलं, २०१८ मध्ये त्याचे माणसाचे पहिले फोटो आले, त्यात डोस खूपच खाली आणता येतो, पण आपल्याकडे तो अजून लांबचा विषय.

लहान मुलांचं वेगळं आहे. त्यांना वजनाप्रमाणे डोस लिहिलेल्या तक्त्यावरून डोस आणि सीटीचं व्होल्टेज खाली, हे सेंटरला आधी विचारून घ्या, आणि मुलांचे स्कॅन नियमित करणारं सेंटर मिळालं तर थोडं लांब जावं लागलं तरी तिथे जा. सोय असेल तिथे पेट एमआरआयही विचारा, त्यात सीटीचा वाटाच नसतो. बाईमाणसाची पाळी चुकली असेल किंवा शंका असेल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा, सासऱ्यांसमोर लाज वाटत असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. अंगावर पाजणारी आई असेल तर आधीच दूध काढून ठेवा आणि बाळाला किती तास लांब ठेवायचं ते सेंटरकडून लिहून घ्या.

सोबत आलेल्यांनी शिशाचा कोट मागू नका. एक्स-रेच्या खोलीतला तो कोट अर्धा मिलिमीटर शिशाचा, आणि एफडीजीचे किरण ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे फार ताकदीचे, त्यांना तो जवळजवळ अडवतच नाही. इथे अंतर कामाला येतं. १० मिलिक्युरी दिलेल्या माणसापासून एक मीटरवर सुरुवातीला तासाला साधारण ३० मायक्रोसिव्हर्ट, दोन मीटरवर त्याच्या पाव. स्कॅन होऊन लघवी करून बाहेर येईपर्यंत ते निम्म्याच्याही खाली गेलेलं असतं. गाडीत पेशंटला मागच्या सीटवर एका बाजूला बसवा, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ शेजारी नको. घरी पोचल्यावर नातवंडं धावत येऊन मांडीवर बसतात, तेवढा दिवस नको. सात-साडेसात तासांत सोळाव्या भागापर्यंत उतरतं, दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच सांगण्यासारखं उरत नाही. हळदीचं दूध, कडुलिंबाचा रस, नारळपाणी यातलं काहीही रेडिएशन "उतरवत" नाही. पाणी प्यायचं, लघवीला जायचं, बसून करायची, दोनदा फ्लश करायचा आणि हात धुवायचे. जेवण मात्र स्कॅन झाल्या-झाल्या करा, सहा तासांवर उपाशी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तसंच गाडीत घालून चाळीसगावपर्यंत आणू नका.